डेंग्यू, पिंपं आणि टॉवरवाले
एकांनी लिहिलंय की चाळीतल्या लोकांनी पाणी साठवणं बंद केलं की डेंग्यू आपोआप कमी होईल. अहो पण हौस म्हणून साठवतं का कोणी? मी ठाण्यात वागळे इस्टेटच्या चाळीत वाढलोय, पाणी आलं की आईची नुसती धावपळ, दोन निळी पिंपं, हंडा, कळशी, शेवटी चहाचं पातेलंसुद्धा भरायची, कारण उद्या नळाला पाणी येईल याचा भरवसाच नाही.

बरं डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला असंच साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं आणि अंडी पिंपाच्या आतल्या कडेला चिकटतात, सुकली तरी कित्येक महिने टिकतात. म्हणजे नुसतं ओतून भागत नाही, आठवड्यातून एकदा आतून खसाखसा घासायला हवं. आता घासायला पाणी कुठून आणायचं ते पण सांगा! त्यात गरमी वाढली की डास लवकर तयार होतो आणि त्याच्या पोटात विषाणूपण लवकर वाढतो. फवारणीच्या धुराने उडणारे डास मरतात, पिंपातल्या अळ्या तशाच.

शेजारच्या काकू धुणीभांडी करायच्या, त्यांना डेंग्यू झाला तर पंधरा दिवस घरी, तेवढ्यात दोन घरची कामं गेली. मला मागच्या वर्षी झाला तेव्हा सिक लीव्ह होती, पगार चालू.

आणि हो, आता मी टॉवरमध्ये राहतो, तिथे लॉबीत ठेवलेल्या शोभेच्या बांबूच्या बरणीत अळ्या वळवळताना मी स्वतः बघितल्यात. सोसायटीत कोणी कोणाला एक शब्द बोललं नाही.