वडिलांची प्रोस्टेट वाढली आहे : आताच शस्त्रक्रिया करावी का?

डिचोलीकर : माझ्या वडिलांचे वय ६९ आहे. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागते, धार बारीक झाली आहे आणि देवळात भजनाला बसायचे तर ते दाराजवळची जागा धरतात. सोनोग्राफीत प्रोस्टेट (मूत्राशयाखालची पुरुषांची ग्रंथी) ४८ ग्रॅम आली. ही वाढ पुढे कर्करोगात बदलते, म्हणून आताच काढून टाकावी, असे नातेवाईक सांगतात. जाणकारांनी सल्ला द्यावा.

कुळागर : मूत्रविकार विभागात मी बरीच वर्षे परिचारक होतो, त्या आधारावर लिहितो. वयानुसार होणारी ही वाढ कर्करोग नव्हे आणि तिचे कर्करोगात रूपांतरही होत नाही. मात्र दोन्ही आजार एकाच वेळी असू शकतात, म्हणून पीएसए या प्रोस्टेटसाठीच्या रक्ततपासणीबद्दल डॉक्टरांना विचारावे. तरुणपणी ही ग्रंथी साधारण २० ग्रॅमची असते. पन्नाशी ते साठीच्या दरम्यान सुमारे निम्म्या पुरुषांत ती वाढू लागलेली असते, पण त्रास सर्वांनाच होत नाही. वाढ मूत्रमार्गाला वेढणाऱ्या भागात होत असल्यामुळे एखाद्याला ३० ग्रॅमची ग्रंथी हैराण करते, तर दुसऱ्याला ८० ग्रॅमची जाणवतही नाही. अहवालातील ग्रॅम पाहून घाबरणारी माणसे मी पुष्कळ पाहिली. त्या आकड्यावरून एकट्याने काहीच ठरत नाही.

लक्ष ठेवायचे ते मूत्राशयावर. अडथळ्याविरुद्ध जोर लावून त्याची भिंत जाड होते, वारंवार घाई लागते, आणि पुढे ते थकले की लघवी मागे उरू लागते. त्यातून जंतुसंसर्ग, खडे आणि क्वचित मूत्रपिंडांना इजा होते. हा प्रवास सर्वांचा होत नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एमटॉप्स या मोठ्या अभ्यासात औषधाविना असलेल्या गटातही चार वर्षांत सुमारे १७ टक्के रुग्णांचाच आजार बळावला. म्हणून धारेचा वेग मोजणारी युरोफ्लोमेट्री, लघवीनंतर मूत्राशयात किती उरते याची सोनोग्राफी आणि मूत्रपिंडांचे काम दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी पाहूनच निर्णय घ्यावा. टॅमसुलोसिन या गोळीने काही दिवसांत धार सुधारते, पण ग्रंथी लहान होत नाही. त्यासाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड सहा महिने तरी घ्यावे लागते. या दुसऱ्या गोळ्यांनी पीएसए जवळपास निम्मे उतरते, हे पुढच्या प्रत्येक डॉक्टरांना सांगावे.

डिचोलीकर : आभारी आहे. टॅमसुलोसिन सुरू आहे, पण सकाळी उठताना त्यांना भोवळ येते.

मांडवीकाठ : त्या गोळीने रक्तदाब उतरू शकतो. अंथरुणावर थोडे बसून मगच उठावे आणि हे डॉक्टरांच्या कानावर घालावे. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात मूत्रविकार विभाग आहे. तिथे जाताना रात्रंदिवस किती वेळा व किती लघवी झाली याची तीन दिवसांची नोंद सोबत न्यावी. पावसाळ्यात सर्दी झाली म्हणून औषधालयातून परस्पर गोळ्या आणू नयेत, कारण त्यांतील काही घटकांमुळे लघवी तुंबते. ती पूर्ण अडली आणि ओटीपोट फुगले, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच इस्पितळ गाठावे.