दसरा ते दिवाळी शाळांवर नवी लिंक टाकू नका – पटतंय का?

पाटीपेन्सिल (धागाकर्ता), ऑक्टोबर २०२५

ग्रुपवर निरोप आलाय. १० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन, म्हणून शाळेत शिक्षकांसाठी तणावमुक्तीवर तासाभराचा कार्यक्रम घ्यायचा, त्याचे पाच फोटो काढायचे आणि संध्याकाळी पाचच्या आत लिंकवर चढवायचे. शाळेत रेंज नसेल तर जिथे मिळते तिथे जाऊन चढवायचे. तणाव कुठून येतो हे इतक्या थोडक्यात आजवर कुणी समजावलं नव्हतं!

मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे. पाऊस सरतो, दसरा होतो आणि ऑक्टोबर हीट सुरू होते. पत्र्याखालच्या वर्गात दुपारी दोननंतर मुलांचंही डोकं चालत नाही, आमचंही नाही. नेमकी याच दिवसांत संकलित एक, म्हणजे पहिल्या सत्राची परीक्षा येते. पेपर तपासा, श्रेणी लावा, मग प्रत्येक मुलाचे प्रत्येक प्रश्नाचे गुण शिक्षण विभागाच्या चॅटबॉटवर भरा. जोडीला यू-डायसमध्ये (शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर) आधारवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव जुळवा. मतदार याद्यांचं काम आहे, कारण स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका ३१ जानेवारी २०२६ पर्यंत उरका असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय. आणि त्याच न्यायालयाच्या १ सप्टेंबरच्या निकालानंतर ज्यांची पाचाहून जास्त वर्षं नोकरी उरली आहे त्यांना दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास व्हायचंय, नाहीतर घरी. परीक्षा २३ नोव्हेंबरला. वीस-बावीस वर्षं शिकवलेली माणसं रात्री दहाला बालमानसशास्त्राचे पर्याय पाठ करत बसली आहेत.

याच दिवसांत तापाची साथ असते. माझे जोडीदार गुरुजी गेल्या आठवड्यात तापाने फणफणले होते, तरी शाळेत आले. का? ते घरी राहिले की पहिली ते चौथी एकट्याच्या गळ्यात. ते माझ्यासाठी आले आणि त्यांच्या जागी मी असतो तरी आलो असतो.

मागणी साधी आहे. दसरा ते दिवाळी एवढे दिवस नवं प्रशिक्षण, नवा उपक्रम, नवी माहिती काहीही मागू नका. जे चालू आहे ते चालू दे. आणि आजारी माणसाच्या जागी केंद्रातून, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातून, कुणीतरी पाठवायची सोय करा. व्याख्यान नसलं तरी चालेल.

---

आयटीहमाल

दर वर्षी हे रडगाणं असतं. शाळांना वर्षाला ७६ सुट्ट्या. दहा दिवसांत दिवाळीची सुट्टी लागेल. माझी बहीण नर्स आहे, डेंगीच्या साथीत तिची डबल ड्युटी असते, लक्ष्मीपूजनालाही ती वॉर्डातच. मला स्वतःला दिवाळीचे दोन दिवस, आणि त्या दोन दिवसांतही लॅपटॉप सोबत. ऊन सगळ्यांना लागतं, ताप सगळ्यांना येतो. सातव्या वेतन आयोगाचा पगार घेऊन एखादी लिंक भरायला लागली तर इतकं काय? आणि बीएलओचं, म्हणजे मतदार याद्यांचं, काम फुकट नसतं. निवडणूक आयोगाने ऑगस्टमध्येच वर्षाचं मानधन ६ हजारांवरून १२ हजार केलंय.

---

पाटीपेन्सिल

@आयटीहमाल, ७६ सुट्ट्यांचं गणित नेहमी अर्धंच सांगितलं जातं. त्या सुट्ट्या आहेत म्हणून आम्हाला इतर कर्मचाऱ्यांसारखी अर्जित रजा नाही. आजारपणाला उरते अर्धपगारी: वर्षाला २० दिवस, दाखला जोडून पूर्ण पगारी करून घेतली तर १०. एक डेंगी आणि नंतरचा अशक्तपणा यात वर्षाची रजा खलास. मे महिन्यातली सुट्टी ऑक्टोबरच्या तापाला वापरता येत नाही हो.

आणि शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ वाचा. जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणुका, एवढ्याच अशैक्षणिक कामांना शिक्षक नेमता येतो. निवडणुकीचं काम कुणी नाकारत नाहीये. मी लिंकांबद्दल बोलतोय, त्या या तिन्हीत बसत नाहीत.

---

तालुका_दवाखाना

‘वैद्यानां शारदी माता’ म्हणतात, शरद ऋतू म्हणजे आम्हा वैद्यांची आई. ओपीडी भरलेली असते. शिक्षक-शिक्षिका भरपूर येतात, म्हणून जे दिसतं ते लिहितो.

एक म्हणजे डेंगी. त्याचा डास दिवसा चावतो, साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. शाळेची वेळ ही त्याचीच वेळ आहे. पावसाळा संपला म्हणून सगळे निर्धास्त होतात, आणि गच्चीवरची झाकण उडालेली टाकी, रिकाम्या कुंड्या, हात धुवायच्या नळाखालचा खड्डा यांत अळ्या वळवळत असतात. आठवड्यातून एकदा सगळं पाणी ओतून, भांडी घासून कोरडी केली की काम होतं. याला पैसे लागत नाहीत. ताप उतरला म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी शाळेत हजर होणारे गुरुजी पाहिले की मला धडकी भरते. धोका नेमका ताप उतरताना असतो. अंगदुखीवर मेडिकलमधून आणलेली ब्रुफेन-अ‍ॅस्पिरिन तर अजिबात नको.

दुसरं कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. शिक्षिकांमध्ये लघवीचा जंतुसंसर्ग. कारण विचारलं की उत्तर एकच: शाळेत पाणीच पीत नाही. का? स्वच्छतागृहाला कडी नाही, किंवा पाणी नाही, किंवा मुलींचं आणि बाईंचं एकच आणि तेही मैदानाच्या पलीकडे. सकाळी घरून निघताना अर्धा कप चहा, मग थेट संध्याकाळी घरी पाणी. आणि हे ऑक्टोबरच्या उन्हात, काहींचा वर नवरात्राचा कडक उपास होऊन गेलेला. गोळ्या देतो, पंधरा दिवसांत परत येतात. कडीचं प्रिस्क्रिप्शन मला लिहिता येत नाही.

---

निवृत्त_हेडमास्तर

डॉक्टरांशी शंभर टक्के सहमत. धागाकर्त्यांशी नाही.

मी कागदाच्या काळात निम्मी आणि ऑनलाइनच्या काळात निम्मी नोकरी केली. लिंका बंद करा ही मागणी ऐकायला गोड आहे, पण माहिती थांबली की काय होतं ते मुख्याध्यापकाला ठाऊक असतं. आधार जुळलं नाही की मूल पटावर मोजलं जात नाही. पट घसरला की संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात) शिक्षक उडतो. मग द्विशिक्षकीची एकशिक्षकी होते आणि तेव्हा तुमचा ताण बघायला या. शिवाय दिवाळीपर्यंत अडवलेलं काम नाहीसं होणार आहे का? सुट्टी संपून शाळा उघडली की दुप्पट येऊन पडेल, आणि तेव्हा टीईटी दाराशी असेल.

खरा मुद्दा तुम्ही शेवटच्या दोन ओळींत उरकलात. आजारी शिक्षकाची जागा कोण घेणार? २०२३ मध्ये निवृत्त शिक्षकांना २० हजार मानधनावर घ्यायचं ठरलं, पण ते रिक्त पदांसाठी. आठवडाभराच्या तापाला माणूस द्यायची पद्धतच आपल्याकडे नाही. केंद्रप्रमुख शेजारच्या शाळेतून कुणाला तरी तोंडी सांगून पाठवतो, म्हणजे तिकडची शाळा उघडी पडते. प्रत्येक केंद्रात एक राखीव शिक्षक असता तर निम्मी कुरकुर बंद झाली असती. मागायचं तर हे मागा. भांडायला ताकद लागते, ती लिंकांवर घालवू नका.

---

इंग्रजीमाध्यमवाली_बाई

सगळे झेडपीवालेच बोलताहेत म्हणून मी. शहरातल्या विनाअनुदानित शाळेत आहे. सहीचा पगार वेगळा, हातात पडतो तो वेगळा. आजारी पडले की त्या दिवसाचे पैसे कापले जातात, अर्धपगारी वगैरे शब्द मी इथेच ऐकले. नवरात्रात नऊ रंग, त्यात गरबा, मग सहामाही, मग दिवाळी मेळावा आणि त्याचे आकाशकंदील आम्हीच बसून करायचे. घसा ऑगस्टपासून बसलेला आहे. पन्नास मुलांच्या वर्गात, खाली ढोल-ताशांचा सराव चालू असताना बोलून बघा.

पाटीपेन्सिल सर, तुमच्या पाठीशी संघटना आहे, परिपत्रक आहे, कलम २७ आहे. आमचं काय? धाग्याचं नाव ‘शाळांवर’ आहे आणि आत सगळी सरकारी शाळा.

---

पाटीपेन्सिल

बाई, तुमचं खरं आहे, पण खासगी व्यवस्थापनाला मी इथून काय सांगणार? कायद्याने आठवड्याला तयारीसह ४५ तास धरले आहेत, कंदील त्यात धरले नसावेत. :-)

हेडमास्तर सर, राखीव शिक्षकाला माझं अनुमोदन. पण आधार जुळवणं आणि ‘उपक्रमाचे फोटो टाका’ यांची एकाच मापाने मोजणी करू नका. पटाचं काम मी रात्री जागून करतो, तक्रार नाही. पण वृक्षलागवडीचा, वाचनाचा, स्वच्छतेचा आणि आता तणावमुक्तीचा फोटो गेला नाही तर कुठल्या मुलाचं काय अडतं?

---

आयटीहमाल

कडी आणि पाणी, मान्य. ते ऑक्टोबरमध्ये कशाला, जूनमध्येच हवं होतं. तेवढ्यापुरतं तुमच्या बाजूने.

बाकी माझं मत तेच. फोटो का मागतात याचाही विचार करा. फोटो मागितला नाही तर उपक्रम होत नाही, हा वरच्यांचा अनुभव आहे आणि तो काही सगळा खोटा नाही. आमच्या गावच्या शाळेत गुरुजी दर शनिवारी तालुक्याला ‘मीटिंगला’ असायचे. अशा लोकांमुळे तुम्हाला लिंक भरावी लागते. आधी त्यांना आवरा, मग सवलत मागा.

---

सीनाकाठ

मी धाराशिवकडचा. सप्टेंबरअखेरीस आमच्याकडे काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं असेल. शाळेत गुडघाभर गाळ होता. पोषण आहाराचा तांदूळ भिजून आंबला, दाखलखारिज रजिस्टर उन्हात पानं सुटी करून वाळवली. गाळ काढणारे कोण? आम्हीच, गावकऱ्यांबरोबर. कुणाच्या पायाला जखम, कुणाला ताप. काही शिक्षकांची स्वतःची घरं आणि शेतं पाण्यात गेली होती. @आयटीहमाल, आमच्याकडेही दांडीबहाद्दर आहेत, पण त्या आठवड्यात कुणाला फोटो मागावा लागला नाही.

तणावमुक्तीचं म्हणाल तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आम्ही शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवलाय. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. पिकं गेलेले पालक आणि आम्ही, दोघांनाही उपयोगाचा. व्याख्यानापेक्षा हे बरं वाटलं.

---

चुलीपाशी

इतके प्रतिसाद झाले. शिक्षक झाले, नर्स झाली, आयटी झालं. शाळेत खिचडी कोण शिजवतं?

माझी आई स्वयंपाकी-मदतनीस आहे. महिन्याला २५०० रुपये मानधन, आधी १५०० होतं. केंद्र सरकारचा हिशोब तर वर्षाला १० महिन्यांचाच. रजा हा प्रकारच नाही. ताप आला तर बदली बाई आईनेच शोधायची आणि तिला आपल्यातले पैसे द्यायचे. स्वयंपाकघर म्हणजे वर पत्रा, खिडकी एक, आणि ती भिंतीकडे उघडणारी. गॅस संपला की चूल. ऑक्टोबरमध्ये त्या खोलीत पाच मिनिटं उभं राहून दाखवा. भाताचं पातेलं दोघींनी फडक्याने धरून उतरवायचं, एकीचा हात निसटला की दुसरीच्या पायावर. आईच्या घोट्यापाशी तो डाग आहे.

तुम्ही सगळे ज्या रजेवरून भांडताय, ती तिला माहीतच नाही.

---

निवृत्त_हेडमास्तर

@चुलीपाशी, तुमचा प्रतिसाद पहिला हवा होता.

यातलं थोडं शाळेच्या पातळीवर होऊ शकतं म्हणून लिहितो. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात, निम्म्या महिला. बैठकीत विषय मांडा, इतिवृत्तात ठराव लिहा: टाकीला झाकण, स्वच्छतागृहाला कडी आणि पाणी, स्वयंपाकखोलीला दुसरी खिडकी. ३१ ते १०० पटाच्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त अनुदान २५ हजार धरलेलं आहे, त्यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर घालायचा असतो. अडीच हजारांत कडी, झाकण आणि पाइपचा तुकडा होतो. खिडकीला ग्रामपंचायतीकडे जा.

---

पाटीपेन्सिल

२५ हजार कागदावर, सर. ते वेळेवर आणि पुरतं येत नाही. आलं तर त्यातून वीजबिल, खडू, दुरुस्ती. तरी ठराव मांडतो. पण कडी आम्ही बसवून घ्यायची, अळ्या आम्ही शोधायच्या, म्हणजे आमच्या आरोग्याचं कामही पुन्हा आमच्याच यादीत. याला मदत म्हणायचं का, हा माझा प्रश्न राहतोच.

---

आयटीहमाल

कडी बसवायला शासन येणार नाही, भाऊ. आमच्या सोसायटीतही येत नाही.

---

तालुका_दवाखाना

एक सुचवतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत मुलं तपासायला येतं. त्यांचं काम अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचं, मोठ्यांना तपासायचा आदेश नाही. पण गाडीत डॉक्टर असतात आणि बीपीचं यंत्र असतं. विनंती केली तर शिक्षक, शिपाई आणि स्वयंपाकी ताई यांचा बीपी बघायला कितीसा वेळ लागतो? चाळिशीच्या पुढच्या किती जणांना आपला आकडा माहीत आहे ते कळेल तरी. आमच्या भागातल्या पथकाला मी सांगून बघतो.

---

चुलीपाशी

सांगा डॉक्टर. फक्त त्यांना दहाच्या आत यायला सांगा. साडेदहाला तांदूळ चढतो, मग आई उठू शकत नाही.