थर्टी-ऑट-सिक्ससाठी बुलेट आणि पावडर, आधी काय ठरवायचं?

नवा_भिडू:
मंडळी, .३०-०६ (थर्टी-ऑट-सिक्स) रायफलसाठी पहिल्यांदाच घरी राउंड (काडतुसं) भरतोय, एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीसाठी. १८० ग्रेन वजनाची बुलेट मनात आहे, पण साधी कप-अँड-कोर (तांब्याच्या कवचात शिसं) घेऊ, बाँडेड (कवच आणि शिसं एकजीव जोडलेली) घेऊ की पूर्ण तांब्याची, यातच दोन आठवडे अडकलोय. शिवाय किती पावडर भरायची तो चार्ट आहे एच ४३५० चा आणि पावडरचा डबा आहे आयएमआर ४३५० चा. दोन्ही ४३५०च ना, चालून जाईल का?

जुना_नेमबाज:
नाही चालणार भावा. आकडा सारखा म्हणजे पावडर सारखी नव्हे. डब्यावर जे नाव छापलंय त्याच नावाचा चार्ट उघड, सगळ्यात कमी चार्जपासून (पावडरच्या मात्रेपासून) सुरू कर आणि थोडं थोडं वर जा. गोळी झाडल्यावर बोल्ट (रायफलची मागची कडी) उचलायला जड गेला म्हणजे प्रेशर जास्त झालं, तिथेच थांबायचं, मग चार्टमध्ये पुढे कितीही जागा दिसू दे. नुसता प्रायमर (काडतुसाच्या बुडाची, पावडर पेटवणारी टोपी) बघून ठरवू नकोस, तो फसवतो.

तांबटकाका:
बुलेटचं सांगतो. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच १८० ग्रेनची तांब्याची बुलेट लांब होते, केसमध्ये (काडतुसाच्या नळीत) खोल शिरते आणि पावडरची जागा खाते. त्यामुळे शिशाच्या १८० चा डेटा हिला लावलास तर प्रेशर भलतीकडे जाईल. मी १६५-१६८ वर उतरलो, वजन जवळपास सगळं टिकून राहतं म्हणून कमी वाटत नाही. फक्त लांबवर वेग पडला की ती नीट उमलत नाही, हे लक्षात ठेव. मधला मार्ग हवा तर नोस्लरची पार्टिशन बुलेट बघ, १९४८ पासून आहे, पुढचा भाग फुलतो आणि मधल्या भिंतीमागचा शाबूत राहतो. कप-अँड-कोर जवळून खांद्याच्या हाडावर बसली तर फुटून जाते, एल्कला मी तरी नाही वापरणार (हरणाला मजेत चालते).

तराजूवाला:
आयएमआर ४३५० चे दाणे लांबट, मेजरचं (पावडर मापून टाकणाऱ्या यंत्राचं) हँडल फिरवताना कर्र्र करून दाणा कापला जातो आणि चार्ज पुढेमागे होतो, म्हणून मी जरा कमी टाकतो आणि उरलेलं ट्रिकलरने तराजूवर एकेक दाणा सोडून पुरं करतो. आणि टेबलावर एका वेळी एकच डबा! मी एकदा दोन उघडे ठेवले, मेजरमधली उरलेली कुठल्या डब्यातली तेच आठवेना, सगळी टाकून दिली.

नवा_भिडू:
आयएमआरचाच चार्ट काढला, बाँडेड १८० घेतोय. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) लागेलच का पण?

जुना_नेमबाज:
घे रे. चार्टपेक्षा वेग जास्त दिसला म्हणजे प्रेशरही जास्त, ते बोल्टच्या आधी तोच सांगतो.