जनुक बदललेले डास नाशिकमध्ये सोडावेत का?

गोदाकाठ:
आफ्रिकेतल्या जिबुटी देशात मे २०२४ मध्ये जनुक बदललेले डास सोडले गेले. डास कुठला, तर ॲनोफिलीस स्टीफेन्सी. गच्चीवरच्या टाकीत अंडी घालणारा, आपल्याच शहरांतला हिवतापाचा डास. २०१२ मध्ये तो तिथे सापडला आणि हिवताप वाढत गेला. सोडतात ते फक्त नर; नर चावत नाहीत. त्यांच्या लेकी मोठ्या होण्याआधीच मरतात, मुलगे तेच जनुक पुढे नेतात. सिंहस्थाची बांधकामं चालू आहेत, मजुरांच्या झोपड्यांशेजारी पाण्याचे उघडे हौद. धुराची फवारणी हौदातल्या अळीपर्यंत पोचत नाही, हा नर मादीला स्वतः शोधतो. नाशिककरांनी याची मागणी करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

पंचवटीकर:
माझा ठाम विरोध. डासाला प्रभागाची हद्द कळत नाही. आमची सोसायटी नको म्हणाली तरी तो येणारच, मग संमती कुणाची घ्यायची? दिल्ली-सोनीपतचा डासांचा प्रयोग १९७५ मध्ये संशयापायीच बंद पडला. बुर्किना फासो या आफ्रिकी देशानेही २०२५ मध्ये असा प्रकल्प थांबवला. शिवाय हे नर पुन्हा पुन्हा सोडावे लागतात. म्हणजे डास पुरवणाऱ्या कंपनीशी आपण कायमचे बांधले जाणार.

गोदाकाठ:
सोनीपतला लोकांना विश्वासात घेतलं नाही, ती चूक होतीच. पण जालन्याजवळ दावलवाडीत २०१७ मध्ये डेंग्यूच्या एडिसची चाचणी जाळीच्या पिंजऱ्यात सुरू केली होती. तशी सुरुवात इथे करता येईल. सगळ्यांसमोर, ग्रामसभा घेऊन.

पेठची आशा:
दादा, आमच्याकडे या. पाड्यावर गच्ची नाही, टाकी नाही. ओहोळात, भातखाचरात वाढतो तो क्युलिसिफेसीस, हिवतापाच्या डासाची वेगळी जात. स्टीफेन्सीचा नर तिच्या मादीच्या काही कामाचा नाही. म्हणजे शहराला नवं तंत्र, आणि आम्ही तापाच्या पेशंटचं रक्त काचेवर घेऊन तालुक्याला पाठवत राहायचं. रिपोर्ट येईपर्यंत माणूस मजुरीला निघून गेलेला असतो. पैसा असेल तर आधी तपासणीचे किट आणि औषध पाड्यावर पोचवा.

गोदाकाठ:
ताई, जातीचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. मागणी फक्त शहरापुरती धरतो, आणि किटची मागणी तिच्याआधी लिहितो. पंचवटीकर, त्यावर तरी सही कराल?

पंचवटीकर:
किटवर आत्ता करतो. डासांवर नाही.