फोर-व्हीलचा लिव्हर जाम झालाय

मंडळी, इगतपुरीकडे भातशेती आहे, चिखलात फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर) लागतोच. पावसाळा संपल्यापासून तो टाकायचा छोटा लिव्हर दोन्ही हातांनी ओढला तरी हलत नाही. ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना इंजिनाचा जोर वाटणारा गिअरचा डबा) उघडावा लागेल का?

↳ दादा, उघडायची घाई नको. आधी गाडीखाली शिरा. लिव्हर ज्यावर फिरतो त्या पिव्हटवर चिखल वाळून गंज धरतो. वायर ब्रशने घासा, गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा, मग ग्रीस. सातपूरला आमच्या गॅरेजात बरेच लिव्हर एवढ्यावरच सुटतात. फोर-लो टाकताना गाडी उभी, क्लच पूर्ण दाबलेला, मेन गिअर न्यूट्रल.

↳ कोरड्या डांबरावर फोर-व्हीलमध्ये वळलात तर पुढची-मागची चाकं फिरवणाऱ्या शाफ्टमध्ये ताण अडकतो. सरळ थोडं रिव्हर्स घ्या, लिव्हर सुटेल. चारही टायर एकाच मापाचे आहेत ना? नसतील तरी असाच ताण येतो.