ऑब्रीचा हरवलेला ‘लिबर बी’: त्यात काय होतं हे शोधायचं कसं?

दफ्तरखाना:
सतराव्या शतकातला इंग्रज संशोधक जॉन ऑब्री याने इंग्लंडमधल्या विल्टशर काउंटीच्या उत्तर भागाची टिपणं दोन खंडांत जमवली होती. ‘लिबर ए’ ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे (एमएस म्हणजे हस्तलिखित; एमएस ऑब्री ३). ‘लिबर बी’ त्याचा भाऊ विल्यम याने १७०३ मध्ये ऑक्सफर्डच्याच अ‍ॅशमोलियन संग्रहालयातून उसना नेला, तो परत आलाच नाही. ‘बी’मध्ये काय होतं याचा अंदाज बांधायचा तर सुरुवात कुठून करावी? कॅनन (पाद्री) जॅक्सन यांनी काढलेल्या ऑब्रीच्या टिपणांच्या १८६२ च्या छापील आवृत्तीवर भागेल का?

जुनी शाई:
नुसत्या जॅक्सनवर भागणार नाही. आवृत्ती मोलाची आहे, पण मुखपृष्ठावरच ती ‘दुरुस्त करून वाढवलेली’ असल्याचं लिहिलंय. ऑब्रीचं वाक्य आणि जॅक्सन यांची भर वेगळी केल्याशिवाय एकही उतारा पुरावा म्हणून घेऊ नका. छापील पुस्तक वाट दाखवायला ठेवा, नोंद मात्र हस्तलिखित बघूनच करा.

खंड शोधण्याआधी त्याचे उल्लेख शोधा. ऑब्रीला स्वतःच्याच वह्यांचा हवाला द्यायची सवय होती. आधी ‘ए’ पानोपान वाचा, समास आणि पानांच्या मागच्या बाजूही. मग ऑब्रीने लिहिलेल्या समकालीनांच्या छोट्या चरित्रांची हस्तलिखितं (एमएस ऑब्री ६, ७, ८), आणि त्यानंतर ऑक्सफर्डचा इतिहासकार अँथनी वूड याला त्याने लिहिलेली पत्रं (एमएस वूड एफ ३९ आणि ४०). चरित्रांसाठी क्लार्क यांच्या १८९८ च्या आवृत्तीवर थांबू नका. त्यांनी अश्लील वाटलेला मजकूर गाळला आणि क्रमही बदलला. केट बेनेट यांची २०१५ ची आवृत्ती मूळ पानाच्या कितीतरी जवळ आहे.

एका उल्लेखाला एक कार्ड. त्यावर तो कुठे सापडला (पान, पुढची बाजू की मागची), मुख्य मजकुरात आहे की नंतर वेगळ्या शाईने घातलेला, नेमके शब्द, गाव, विषय, आणि ‘बी’चा पृष्ठांक दिला असेल तर तो. मग कार्डं ‘बी’च्या पृष्ठांकाप्रमाणे लावा. शेजारच्या पृष्ठांकांवर शेजारची गावं येत असतील तर खंड गावांच्या क्रमाने लावलेला होता. विषय सरमिसळ निघाले तर सापडेल ते टिपत गेलेली वही समजा. सर्वांत मोठा पृष्ठांक म्हणजे खंडाची किमान जाडी.

इथे घात करतो तो ‘क्वेरे’ हा शब्द. त्याचा अर्थ ‘हे तपासायचं आहे’. ‘क्वेरे’ असलेला उल्लेख वेगळ्या गठ्ठ्यात ठेवा, तो मजकूर ‘बी’त होताच असं धरू नका. तसंच, एखादं गाव ‘ए’मध्ये नाही म्हणून ते ‘बी’त होतं असंही नाही. हे काम पुरं झालंच नव्हतं.

ढालतलवार:
वरच्या प्रतिसादाला एक जोड. चर्चच्या खिडक्यांवरून आणि थडग्यांवरून उतरवलेल्या, घराण्यांची चिन्हं असलेल्या ढालींच्या चित्रांत रंग अक्षरांनी दाखवायची त्या काळची रीत होती, आणि ‘बी’ म्हणजे निळा (ब्लू). ढालीच्या आत किंवा लगत एकटं ‘बी’ दिसलं तर ते खंडाचं नाव नव्हे. ‘लिब.’ किंवा ‘पहा’ अशा अर्थाचा शब्द सोबत असेल तरच कार्ड करा.

दफ्तरखाना:
आभार! तारखांचं काय करायचं? विल्टशरमधल्या डिव्हायझेस गावी सद्गृहस्थांची बैठक झाली, डगडेलने वॉरिकशर काउंटीवर लिहिला तसा ग्रंथ विल्टशरवर करायचा ठरलं आणि उत्तर भाग ऑब्रीकडे आला. ही बैठक तो मार्च १६५९ मधली सांगतो.

मृगसाल:
इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत कायद्याचं वर्ष २५ मार्चला बदलत असे. आपल्या मराठी दफ्तरांतला शुहूर सन मृग नक्षत्राला, जूनच्या सुरुवातीला बदलतो, तसंच. त्यामुळे मार्चचे पहिले २४ दिवस आपल्या हिशोबाने पुढच्या सालात जातात. ही बैठक काउंटीचे संसद सदस्य निवडण्याच्या निमित्ताने भरली होती. १६५९ ची संसद २७ जानेवारीलाच भरली, पुढची २५ एप्रिल १६६० ला. म्हणून मार्च १६६० जास्त पटतो. कार्डावर मूळ तारीख जशीच्या तशी लिहा, बदललेली कंसात.

खुद्द खंडाचा शोध घ्यायचाच असेल तर सूचीत ‘ऑब्री’ हे नाव टाकून थांबू नका. नाव नसलेली वही ‘विल्टशर चर्चटिपणं’, ‘ढालींची रेखाटनं’, ‘अज्ञात संग्राहक, सतरावं शतक’ अशा वर्णनाखाली लपते. चिपनमचं विल्टशर अँड स्विंडन हिस्टरी सेंटर आणि डिव्हायझेसच्या विल्टशर म्युझियमचं ग्रंथालय या दोन्ही ठिकाणी असंच शोधा. सुट्या पानांकडेही लक्ष हवं. वूडने चरित्रांच्या एका खंडातून चाळीसेक पानं कापल्याची तक्रार ऑब्रीने स्वतः केली आहे, तेव्हा ‘बी’चीही पानं सुटी झाली असू शकतात.

एखादं पान संशयास्पद वाटलं तर प्रथम पृष्ठांक आणि विषय तुमच्या कार्डांशी ताडून पहा. अक्षर आणि कागदाचं जलचिन्ह (उजेडात धरल्यावर दिसणारी खूण) ‘ए’शी नंतर. नुसतं अक्षर जुळलं तर ते पान ऑब्रीचं ठरेल, ‘बी’चं नाही.