दोघे अंगावर आले तर पास द्यावाच

बहुतेकांचं म्हणणं दिसतंय की बास्केटबॉलचा सामना अटीतटीला आला की शेवटचा शॉट स्टारनेच मारायचा, आणि दाखला अर्थातच शिकागो बुल्सच्या मायकल जॉर्डनचा. पण एनबीए या अमेरिकन लीगच्या १९९७ च्या फायनलचा सहावा सामना आठवा. युटाशी ८६-८६ बरोबरी. टाइमआउटमध्येच जॉर्डनने सहकारी स्टीव्ह करला बजावलं होतं की युटाचा स्टॉकटन माझ्यावर धावून येईल, तयार राहा. झालंही तस्संच. स्टॉकटन करला सोडून जॉर्डनकडे सरकला, कर बास्केटसमोरच्या फ्री-थ्रो लाइनजवळ मोकळा, पास आला आणि पाच सेकंद राहिलेले असताना बॉल जाळीत!

१९९३ ला फिनिक्सविरुद्ध बुल्सच्याच पॅक्सनचा निर्णायक थ्री, म्हणजे तीन गुणांचा शॉटही, जॉर्डन, पिपेन, ग्रँट असा फिरत आलेल्या बॉलवरच.

बॉल स्टारकडे हवाच, नाहीतर बचाव त्याच्याकडे ओढला जाणार कसा? पण दोघे त्याच्यावर गेले की बाकी चौघांना अडवायला तिघेच उरतात. १९९८ च्या फायनलमध्ये समोर युटाचा एकटा रसेल होता, तेव्हा जॉर्डनने स्वतःच मारला, ते बरोबरच.

अर्थात मोकळा असलेला नेमबाज हवा. करच्या जागी नेमबाजीत कच्चा रॉडमन उभा असता, तर मीसुद्धा ओरडलो असतो, बाबा रे, तूच मार!